पहिल्या ओळीतला नंबर

"फोन टेबलाच्या मधोमध ठेव," मी शबानाला म्हणाले.

शबाना मुल्ला ही सांगलीतल्या कै. गंगाबाई मगदूम नेत्रपेढीची समन्वयक. कोणाच्या घरी निधन झालं आणि घरच्यांना डोळे द्यायचे असले, की त्यांचा फोन तिने घ्यायचा, डॉक्टरांना कळवायचं आणि गाडीत बसून त्या घरी पोचायचं. तिने ओढणीच्या टोकाने फोनची काच पुसली आणि तो बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला.

"वाजला तर बरं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "कर्ज हवंय का विचारणाऱ्यांशिवाय ह्याला हल्ली कुणी विचारत नाही."

टेबलाभोवती विश्वस्त बसले होते. मधल्या खुर्चीत अध्यक्ष अण्णासाहेब मगदूम, निवृत्त वकील. त्यांच्याच आईच्या नावाने ही पेढी. त्यांच्या डाव्या हाताला त्यांची थोरली बहीण, जिला सगळं गाव चंपाआक्का म्हणायचं. पलीकडे औषधांच्या दुकानाचे मालक शेटे, आणखी दोघं-तिघं, आणि कार्यवाह तांबवेकर. दाराजवळच्या खुर्चीत माझे बाबा, हेल्मेट मांडीवर घेऊन. ते सभेला आले नव्हते, मला स्कूटरवरून सोडायला आले होते. निदान मी त्यांना तसं सांगून आणलं होतं.

"वैजयंतीताई, तुम्ही पुण्याहून मुद्दाम आलात, आनंद आहे," अण्णासाहेब म्हणाले. "तुमचा त्या क्षेत्रातला अनुभव मोठा. पण आमचं दुखणं वेबसाइटचं नाही. आमचं दुखणं समाजाच्या मनाचं आहे. लोकांना अजून वाटतं, डोळे दिले की पुढच्या जन्मी आंधळं व्हायला होतं. म्हणून फोन येत नाहीत. त्यावर आम्ही रॅली काढतोय. शाळेची मुलं, लेझीम, सगळं ठरलंय."

"रॅली काढाच," मी म्हणाले. "त्याआधी एक खेळ खेळू."

"बक्षीस काय?" चंपाआक्कांनी विचारलं.

"ही बिस्किटं."

"ती मऊ पडल्याली? मग नको."

सगळे हसले. मला तेच हवं होतं. माझं काम पुण्याला एका कंपनीत. लोक फोनवर चपला, चादरी, मिक्सर विकत घेतात, त्या पानांवर काय कुठे ठेवायचं हे ठरवायचं. बटण बोटभर खाली सरकवलं की खरेदी वाढते, चित्र मोठं केलं की घटते. माणसं पान कसं बघतात हे त्यांना विचारून कळत नाही. त्यांना काम द्यायचं आणि आपण गप्प बसायचं.

"समजा," मी म्हणाले, "तुमच्या घरात आत्ता कोणी वारलंय."

"अहो, शुभ बोला!" शेटे म्हणाले.

"नेत्रपेढीत बसून शुभ कसं बोलू, शेटेकाका? समजा वारलंय. त्यांची इच्छा होती नेत्रदानाची. सहा तासांच्या आत डोळे काढायला हवेत. कार्ड भरलेलं आहे, पण कार्डावरचा नंबर जुना आहे, बंद झालाय. हातात फक्त आपला मोबाइल आणि त्यावर आपल्या संस्थेची वेबसाइट. पेढीला कळवा. ज्याला जमेल त्याचा फोन इथे वाजेल."

"एवढंच?" अण्णासाहेब म्हणाले.

"एवढंच. तांबवेकर, तुम्ही पान बनवून घेतलंत, तुम्हाला सगळं पाठ. तुम्ही पंच. काही सांगायचं नाही."

तांबवेकरांनी तोंडावर बोट ठेवून दाखवलं. बाकीच्यांनी चष्मे नाकावर चढवले.

पहिला थोडा वेळ सगळे मजेत होते.

"आईचा फोटो छान आलाय," अण्णासाहेब म्हणाले. पान उघडलं की तोच दिसायचा, गंगाबाईंचा, हार घातलेला, काचेवर उजेड पडलेला. त्याखाली अध्यक्षांचं मनोगत. त्याखाली विश्वस्तांचे फोटो, मानाप्रमाणे. कोण आधी, कोण नंतर यावर दोन सभा झाल्या होत्या, हे शबानाने मला सांगितलं होतं. मग उद्घाटनाचा फोटो, फीत कापतानाचा.

"अण्णा, मनोगत लई लांबलंय," शेटे म्हणाले. "अंगठा दुखायला लागला."

"ही कोण म्हातारी? मीच की गं बाई," चंपाआक्का म्हणाल्या. "दात बसवायच्या आधीचा फोटो टाकलाय मेल्यांनी."

"'संपर्क' सापडलं!" शेटे ओरडले. मग त्यांचा चेहरा पडला. "नंबर नाही हो. नाव विचारतंय, गाव विचारतंय, शिक्षण विचारतंय. शिक्षण कुणाचं? माझं की मयताचं?"

हसू आलं, पण थोडं कमी. टेबलावरचा फोन गप्प होता. अण्णासाहेब पान खाली नेत होते, वर आणत होते, परत खाली नेत होते. कोर्टात आयुष्य काढलेला माणूस, कागदात सुई शोधणारा. त्यांच्या कपाळावर आता एक आठी होती आणि ती गमतीची नव्हती. वरचा पंखा फक्त आवाज करत होता.

मी बाबांकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं घरून ठरवून आले होते.

शेवटी तांबवेकरांनाच राहवेना. "अहो वर बघा की! वर!"

"कुठं वर?"

"सगळ्यात वर! पहिल्याच ओळीत आहे!"

"पहिल्या ओळीत आई आहे," अण्णासाहेब म्हणाले.

"आईसाहेबांच्याही वर! ती लाल पट्टी. सरकतीय बघा ती!"

"ती?" चंपाआक्कांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला. "ती जाहिरात नव्हं? मी म्हटलं कसलातरी सेल लागलाय."

"मलाही तेच वाटलं," शेटे म्हणाले.

अण्णासाहेबांनी पान परत वर नेलं. पट्टी सरकत होती. वर्धापनदिनाच्या हार्दिक शुभेच्छा, मग सर्व देणगीदारांचे आभार, मग तो नंबर, आणि लगेच परत शुभेच्छा. त्यांनी डोळे बारीक करून तो येण्याची वाट पाहिली. आला, आणि वाचून व्हायच्या आत गेला.

आता मी बाबांकडे बघितलं. हेल्मेट मांडीवरून घसरत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. ते अण्णासाहेबांकडे बघत होते, मग शेट्यांकडे, मग आक्कांकडे, मग परत अण्णासाहेबांकडे.

आई त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गेली. घरीच, पहाटे, झोपेत. ती कायम म्हणायची, "माझ्या डोळ्यांना अजून सुई ओवता येते, ते वाया घालवू नका." कार्ड तिनेच भरून फ्रिजवर लावलेलं, पण त्यावरचा नंबर कधीच बंद झालेला. मी पुण्याहून बसने निघाले होते आणि बाबा फोनवर एवढंच म्हणाले होते, "तू ये सावकाश, मी शोधतोय." काय शोधताहेत हे मी विचारलं नाही. मला वाटलं भटजी. मी पोचले तेव्हा ते पलंगाशेजारी फोन हातात घेऊन बसले होते, आणि मुदत टळून गेली होती.

बाबांची नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. झिजलेल्या नकाशावरची पुसट हद्द ते बोटाने दाखवायचे आणि दोन भाऊबंद कोर्टातून घरी जायचे. अशा माणसाने त्या दिवसानंतर मोबाइल कपाटात ठेवला. बोलणं कमी केलं. आईचा मोठा केलेला फोटो दुकानातून आला, तो कागदात गुंडाळलेलाच भिंतीला टेकून उभा राहिला. कुठे लावायचा विचारलं की म्हणायचे, "बघू."

मला कारण कळलं ते शबानाकडून. दिवस झाल्यावर बाबा एकटेच ह्या कार्यालयात आले होते. माफी मागायला. आमच्याकडून झालं नाही म्हणून सांगायला. समोरच्या माणसाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग आपल्या कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाला, "नंबर तर पहिल्याच ओळीत आहे, काका."

तो माणूस तांबवेकर. त्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं. शबाना तेव्हा दारात उभी होती. ती म्हणाली, "काकांनी ती ओळ वाचली आणि मान डोलावली. मग उठताना त्यांना खुर्चीचा हात सापडेना."

चूक तुमची नाही असं मी महिनाभर बाबांना समजावत राहिले असते तरी त्यांना ते पटलं नसतं. पोरगी बापाची समजूत घालते आहे, असंच वाटलं असतं त्यांना. म्हणून मी अण्णासाहेबांकडे सभेची वेळ मागितली.

"ह्यात तुमची कुणाची चूक नाही," मी विश्वस्तांना म्हणाले. "बसस्टँडवर पेनं विकणारा खिडकीशी आला की आपण त्याच्याकडे न बघताच मान हलवतो. तसं डोळ्यांनी शिकून ठेवलंय, लाल असेल, सरकत असेल, झगमगत असेल, ते काहीतरी विकायला आलंय. ते वर ठेवा नाहीतर खाली, डोळा त्याला ओलांडून जातो. आणि ज्याच्या घरात माणूस गेलंय तो वाचत नसतो. तो अंगठ्याने पान खाली खाली ढकलत असतो. तुमच्यासारखाच. लोकांच्या मनात खोट नाही, अण्णासाहेब. लोक येतात. दार सापडत नाही म्हणून परत जातात."

मी त्यांच्या ग्रुपवर माझ्या नव्या पानाची लिंक टाकली. "आता हे उघडा. काम तेच."

ह्या पानावर लाल काही नव्हतं. वर पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत एकच प्रश्न होता. 'घरी कोणाचं निधन झालं आहे का?' खाली, 'आम्ही येईपर्यंत एवढं करा' म्हणून तीन साध्या ओळी. आणि पडद्याच्या तळाशी, फोन धरल्यावर अंगठा आपसूक टेकतो तिथे, हिरवं रुंद बटण. 'आत्ता बोला.' पान कितीही वर-खाली केलं तरी ते जागचं हलत नव्हतं. आधी मीही नंबर वरच ठेवला होता. शेजारच्या काकूंना दाखवला तर म्हणाल्या, तिथवर एका हाताने पोचत नाही गं, दुसऱ्या हातात पदर असतो. मग खाली आणला.

टेबलावरचा फोन वाजला. बिस्किटांची बशी त्याच्या थरथरीने खुळखुळली.

"माझा!" शेटे ओरडले.

"तुमचा कुठला, माझा लागलाय," चंपाआक्का म्हणाल्या.

शबानाने एक कट केला तर दुसरा आला. तो कट केला तर तिसरा. "मला व्यस्त लागतोय! आक्का, ठेवा की तुमचा!" "मी का म्हणून ठेवू? मी वयानं मोठी!" पिकल्या केसांची ती माणसं शाळकरी पोरांसारखी ओरडत होती, आणि शबाना, जिचा फोन आठवडाभर मुका होता, ती दोन्ही हातांनी तो धरून हसत होती. मी एक मऊ बिस्किट उचलून तोंडात टाकलं.

एकटे अण्णासाहेब हसत नव्हते. ते पान खाली नेत नेत अगदी तळाला गेले होते.

"आई इथे आहे," ते म्हणाले. "सगळ्यात शेवटी."

शेट्यांनी आपला फोन खाली ठेवला.

"हो," मी म्हणाले.

"ही संस्था तिच्या नावाची आहे, ताई. शेवटच्या दिवसांत तिला दिसत नव्हतं. माझा चेहरा हाताने चाचपायची. म्हणून हे सगळं काढलं मी. आणि तिला तुम्ही तळाला टाकलीत?"

ह्याचं उत्तर मी पाठ करून आले होते. माणसं पान कुठवर बघतात, किती जण तळापर्यंत जातात. त्यातलं काहीच मला बोलवेना. माझ्याही घरात एक फोटो कागदात गुंडाळलेला उभा होता.

"अण्णा," चंपाआक्का म्हणाल्या. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "आपल्या घरी पंगती उठायच्या. आई कधी पैल्या पंगतीला बसल्याली आठवतीय तुला?"

अण्णासाहेबांनी नुसती मान हलवली.

"दुसऱ्या?"

"नाही."

"आधी आल्यागेल्याला. मग गडीमाणसांला. मग आपल्याला. समद्यांची पोटं भरली का बघून मग ती ताट घ्यायची. आणि आता मेल्यावर तिला पैल्या पानावर बसवतोस, नि दारात आल्याला माणूस उपाशी परत जातोय. तिला आवडंल?"

अण्णासाहेबांनी चष्मा काढला आणि रुमाल शोधू लागले. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात दाराजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी बघू का लावून?" बाबा म्हणाले.

इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. आक्कांनी आपला फोन पुढे केला. बाबांनी शर्टच्या खिशातून चष्मा काढून घातला आणि ते पान नीट, वरपासून वाचलं, नकाशा वाचायचे तसं. मग अंगठा टेकवला.

शबाना फोन घेऊन एव्हाना खिडकीशी गेली होती. वाजल्याबरोबर तिने सवयीने उचलला.

"नमस्कार, नेत्रपेढी. बोला."

"हॅलो," बाबा म्हणाले. "मी भास्कर शिराळकर बोलतोय. विश्रामबागेतून." ते थांबले. "माझी पत्नी, कुमुद, आज पहाटे गेली. तिचे डोळे द्यायचे आहेत."

शबानाने माझ्याकडे बघितलं. मग तिने पाठ फिरवली, खिडकीबाहेर तोंड केलं, खरा फोन आल्यावर करायची तसं, आणि तिचा आवाज बदलला.

"काका, मी शबाना. तुम्ही अगदी वेळेवर फोन केलात."

बाबांनी डोळे मिटले.

"पंखा चालू असेल तर बंद करा. काकूंच्या पापण्या अलगद मिटा आणि वर ओला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी द्या. डॉक्टरांचा दाखला तयार ठेवा. आम्ही निघालोच. काका, तुमच्याजवळ घरी कोणी आहे ना?"

"आहे," बाबा म्हणाले. "मुलगी आहे."

त्यांनी फोन आक्कांना परत दिला. "लागतो," ते म्हणाले.

कोणीतरी उठून पंखा बंद केला. शेटे असावेत. का केला हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तांबवेकर, ठराव लिहून घ्या," अण्णासाहेब म्हणाले. "पान आजपासून बदलायचं. सूचक, चंपाबाई. अनुमोदक, शेटे. विश्वस्तांचे फोटो तळाला."

"आणि आईसाहेबांचा?"

"आईचा आमच्याही नंतर." त्यांनी चष्मा घातला. "तळाला नाही म्हणायचं. शेवटच्या पंगतीला."

आम्ही निघालो तेव्हा तांबवेकर जिन्यापर्यंत मागे आले. त्यांनी बाबांना आता ओळखलं होतं. "काका, मी त्या दिवशी तुम्हाला जे बोललो..."

"खोटं कुठे बोललात?" बाबा म्हणाले. "पहिल्याच ओळीत होता." आणि त्यांनी तांबवेकरांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या बापाचा हा तिरकस सूर मी विसरूनच गेले होते.

खाली त्यांनी हेल्मेट घातलं, स्कूटरला किल्ली लावली, पण सुरू केली नाही.

"वैजू, वकिलांनाही नाही दिसला."

"नाही दिसला, बाबा."

"बराच वेळ शोधत होते ते. मी बघत होतो."

"हो."

"कुणालाच नाही दिसला."

"कुणालाच नाही."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "भडंग घेऊन जाऊ. तुझ्या आईला कच्चा कांदा घातलेली आवडायची," आणि किक मारली.

मी पुढच्या आठवड्यात सांगलीतूनच काम करत होते. दुपारी शबानाचा फोन आला. मागे गाडीचा आवाज.

"वैजूताई, बोलायला वेळ नाही, कवलापूरला निघालेय. बटणावरून आलाय फोन. सून होती, रडत होती, पण लागला म्हणाली लगेच. काकांना सांगा!"

मी धावत बाहेरच्या खोलीत गेले. बाबा भिंतीपाशी उभे होते, एका हातात हातोडी, तोंडात खिळा. भिंतीला टेकलेला फोटो कागदातून बाहेर काढून आईला त्यांनी खुर्चीवर बसवली होती. मी सांगितलं. त्यांनी खिळा तोंडातून काढला.

"डोळे किती देतायत, एक की दोन्ही?"

"दोन्ही, बाबा. दोन्हीच देतात."

"तेही खरंच." ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने.

"अजून वर घ्या ना," मी भिंतीवरची पेन्सिलची खूण बघून म्हणाले. "फार खाली वाटतोय."

"तू एवढी शिकलीस आणि मला वर घ्यायला सांगतेस?" ते मागे आले, आपल्या रोजच्या खुर्चीत बसले, समोर बघितलं आणि भिंतीवर बोट रोखलं. "नजर जाते तिथं लावायचा."

आणि तिथेच त्यांनी खिळा ठोकला.